नमुन्याचे घर आणि नमुन्याचा प्रोग्राम



विषयपत्रिकेवर सॉफ्टवेअरचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी मनातल्या मनात म्हटले असेल की, हा विषय पुण्या-बंगलोरकडचा. किल्लारीच्या मंडपात त्याचे काय काम? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यातील ज्या एका अंगाविषयी आज बोलावयाचे आहे, त्याची जितकी पारख या गावाला आणि भोवतालच्या गावांना आहे, तितकी पुण्यातील कित्येक इंजिनिअरांना नसेल. ते अंग म्हणजे नमुना. एखादी नवी पद्धत लोकांनी हाती घ्यावी म्हणून तिचे एक चालते काम करून दाखवणे, याला सॉफ्टवेअरवाले ‘डेमो ॲप’ म्हणतात. आपण त्याला नमुना-प्रोग्राम म्हणू. किल्लारीने नमुन्याची घरे पाहिली आहेत, काही स्वीकारली आहेत, काही नाकारलीही आहेत. त्या अनुभवाच्या उजेडात हा विषय पाहावयाचा आहे.

प्रथम हा नमुना कोणासाठी असतो ते सांगितले पाहिजे, कारण येथेच पुष्कळांची समजूत चुकते. मोबाइल विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला मोबाइल चालवून दाखवतो, तसला हा प्रकार नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये दोन जातीचे काम असते. एक, थेट माणसांच्या उपयोगाचे: बँकेचा हिशेब, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याची नोंद. दुसरे, अशी कामे लिहिणाऱ्या प्रोग्रामरांच्या उपयोगाचे. घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजत नाही, चौकटी स्वतः रंधत नाही. त्या तयार मिळतात. तद्वत् नोंदी साठवणे, माणूस ओळखणे, कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे ते ठरवणे, कागदावर छापून देणे, ही कामे प्रत्येक प्रोग्राममध्ये लागतात. ती एकदाच चांगली लिहून ठेवायची आणि इतरांनी त्यांवर आपापली घरे उभारायची. अशा तयार सांगाड्याला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. आता सांगाडा कितीही उत्तम असला तरी तो दुसऱ्या प्रोग्रामरांनी उचलला नाही तर पडून राहतो. आणि जगात असे पडून राहिलेले उत्तम सांगाडे थोडेथोडके नाहीत.

ते का पडून राहतात? माहितीपुस्तिका नसते म्हणून? पुष्कळदा पुस्तिका असते, चांगली दोन-चारशे पानांची असते. परंतु पुस्तिकेत सांगितलेले असते ते एकेका भागाविषयी. ही कळ दाबली की असे होते, हा खिळा येथे बसतो. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न निराळाच असतो: मला जे उभे करावयाचे आहे ते यातून उभे राहील काय, आणि सुरुवात कोठून करू? त्या प्रश्नाला पुस्तिका उत्तर देत नाही. उभे असलेले एक घर देते.

या बाबतीत लांब जावयास नको, मुंबईचेच उदाहरण आहे. मुंबईत ऋषभ मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ईआरपीनेक्स्ट’ नावाचे व्यापार-उदीमाचे हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले. ते मुक्त आहे, म्हणजे त्याचा मजकूर कोणीही पाहावा, बदलावा, वापरावा. ते ज्या सांगाड्यावर उभे आहे त्याचे नाव ‘फ्रॅपे’. हा सांगाडाही सर्वांना खुला आहे. आता तो इतर प्रोग्रामरांना शिकवावयाचा कसा? ईआरपीनेक्स्ट हे स्वतःच त्याचे मोठे उदाहरण होते. पण ते इतके मोठे, की त्यातून शिकणे म्हणजे नव्या गवंड्याला औशाच्या किल्ल्यात नेऊन ‘हे पाहा, असे बांधतात’ म्हणण्यासारखे. म्हणून त्यांनी शिकवण्यासाठी एक लहान काम निवडले: वाचनालय.

ही निवड आम्हाला फार मार्मिक वाटते. सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे तालुक्याच्या गावी असतेच, आणि पुष्कळ लहान गावांतही असते. त्याचे व्यवहार समजावून सांगावे लागत नाहीत. त्या नमुन्यात पहिली वही पुस्तकांची: नाव, लेखक, प्रकाशक, आणि पुस्तक आत आहे की बाहेर गेले आहे. दुसरी वही सभासदांची. तिसरी सभासदत्वाची, म्हणजे वर्गणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत भरली आहे. चौथी देवघेवीची. येथे कोणीही विचारील की सभासद आणि सभासदत्व या दोन वह्या वेगळ्या कशाला? एकाच वहीत तारीख लिहिली की झाले. नाही. वाचनालयात ज्याने काम केले आहे त्याला ठाऊक असते की माणूस एकच असतो पण वर्गणी दरसाल नवी असते. मध्ये दोन वर्षे तो येत नाही, पुन्हा येतो. एकाच वहीत लिहिले तर जुनी तारीख खोडावी लागते आणि जुना इतिहास जातो. हा भेद नमुना एका शब्दाने न सांगता, केवळ दोन वह्या वेगळ्या मांडून शिकवतो.

पुढे नमुना नियमांकडे वळतो. सभासदत्व संपलेल्याला पुस्तक देता कामा नये. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक पुस्तके एकाच्या नावावर जाता कामा नयेत. बाहेर गेलेले पुस्तक दुसऱ्याला लिहून देता कामा नये. हे नियम कोठे लिहावयाचे, नियम मोडला की देवघेव अडवावयाची कशी, आणि ‘किती पुस्तके’ हा आकडा प्रोग्राममध्ये कोरून न ठेवता वाचनालयाच्या चालकाला बदलता येईल अशा जागी कसा ठेवावयाचा, हे सारे त्यात येते. शेवटी पुस्तकांची यादी बाहेरच्या वाचकाला पाहता येईल असे एक पान. एवढ्यावर नमुना संपतो. दंडाची आकारणी नाही, पुस्तके फाटल्याचा हिशेब नाही, ग्रंथपालाचा पगार नाही. या गोष्टी करणाऱ्यांना सुचल्या नसतील असे नव्हे; त्या जाणून बाहेर ठेवल्या असल्या पाहिजेत. आमच्या मते नमुना करणाऱ्याची खरी पारख त्याने काय गाळले यावर होते. वाचनालयाचा हा नमुना हाताने करून पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी दूध संकलन केंद्राचा प्रोग्राम लिहू लागतो: सभासदाच्या जागी दूध घालणारा, पुस्तकाच्या जागी लिटर आणि फॅट. त्याला पुस्तकांशी काही कर्तव्य नव्हतेच. दोन वह्या एकमेकींशी कशा बांधाव्या, एवढेच त्याला हवे होते.

आता किल्लारीकडे येऊ.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या मंडपातील वयस्कर मंडळींना आम्ही सांगावयाची नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गणपती विसर्जन झालेले, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपशास्त्राच्या मापाने तो धक्का जगातील फार मोठ्या धक्क्यांपैकी नव्हता. माणसे गेली ती मुख्यत्वे भिंतींखाली. आपल्याकडील जुनी भिंत दोन-दोन, तीन-तीन फूट जाड; परंतु ती एक भिंत नसे. बाहेरचे एक दगडी तोंड, आतले एक दगडी तोंड, आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही तोंडांना एकत्र धरणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. वर लाकडी खणांवर माळवदाची जड माती, पावसाळ्यागणिक थर चढत गेलेली. जमीन हलताच दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटली आणि फुगून कोसळली.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी बसवली गेली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याहून कितीतरी मोठे काम दुसरे होते, आणि त्याची आठवण फारशी निघत नाही. ज्यांची घरे पडली नाहीत पण तडकली, अशी लाखावारी घरे लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि आणखी अनेक जिल्ह्यांत उभी होती. ती पाडून नवी बांधणे शक्य नव्हते. रुरकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मार्ग सांगितला होता: उभ्या भिंतीत ठरावीक अंतराने भोके पाडून त्यात लोखंडी सळई व काँक्रीट घालून आरपार दगडाचे काम करून घ्यावे, भिंतीच्या माथ्याला लोखंडी जाळी व सिमेंटचा पट्टा सर्व बाजूंनी फिरवावा, लाकडी खांब आणि तुळया जेथे मिळतात तेथे तिरपे लाकडी ठेपे मारावे, माळवदावरील मातीचा थर कमी करावा. खर्च नव्या घराच्या मानाने थोडा. पद्धत शास्त्रशुद्ध. पुस्तिका छापल्या, गवंड्यांना शिक्षण दिले, काही गावांत नमुन्यादाखल घरे अशा रीतीने मजबूत करून दाखवण्यात आली.

आणि लोकांनी काय केले? नुकसानीच्या प्रमाणात घरामागे १७,००० किंवा ३४,००० रुपये मदत होती. बहुतेकांनी त्या पैशांत जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली.

यावर शहाणी माणसे म्हणतात की लोकांना शास्त्र कळले नाही. आम्हाला हे पटत नाही. ज्याने आपल्या हातांनी दगड उपसून घरची माणसे बाहेर काढली, त्याला ‘याच दगडाच्या भिंतीत निजा, आता ती सुरक्षित आहे’ असे सांगताना दाखवावयाचे काय होते? आरपार घातलेले काँक्रीट भिंतीच्या पोटात गेले. जाळी सिमेंटखाली गेली. काम पुरे झाले की मजबूत केलेले घर आणि न केलेले घर दुरून सारखेच दिसू लागले. नवी खोली मात्र डोळ्यांना नवी दिसत होती. म्हणजे पद्धत चांगली होती, नमुनाही होता. परंतु नमुन्यातील मर्माची गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून झाकली गेली होती. भिंतीचा एक हातभर तुकडा सिमेंट न लावता उघडा ठेवला असता, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यात बोट घालून पाहिले असते.

नव्या खोल्यांनाही हेच लागू आहे. त्यांत जोत्यापाशी आणि दारा-खिडक्यांच्या वर फिरणारे सळईचे पट्टे घालावयास लावले होते, आणि खोलीची ताकद त्या पट्ट्यांत आहे. गिलावा झाल्यावर ते दिसत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी मुलाच्या लग्नासाठी शेजारी आणखी एक खोली काढणारा गवंडी पहिल्या खोलीकडे पाहून तशीच बांधणार. त्याला वीट दिसेल, सिमेंट दिसेल, पत्रा दिसेल. पट्टा त्याला कोणी दाखवावा?

सॉफ्टवेअरमधील नमुना-प्रोग्रामचा सर्वांत मोठा रोग हाच आहे. वरून तो उत्तम चालतो. पडदे सुंदर, रंग मोहक. पण प्रोग्रामर नमुना पाहतो तो पडद्यासाठी नव्हे. त्याला आतील मजकूर वाचावयाचा असतो. तो मजकूर गुंतागुंतीचा लिहिला, चतुराई दाखवण्यासाठी चार ओळींचे काम एका ओळीत कोंबले, की नमुना गिलाव्याखाली गेला. नमुन्यातील मजकूर हा गावातील नव्या गवंड्याला वाचता येईल इतका सरळ असावा. मग तो जरा लांबला तरी चालेल.

नमुना किती मोठा असावा, याविषयी या धंद्यात पूर्वीपासून वाद आहे. सर्वांत लहान नमुना जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे कर्निघन आणि रिची यांनी १९७८ साली ‘सी’ भाषेवरील पुस्तक लिहिले. त्यातील पहिला प्रोग्राम पडद्यावर जगाला नमस्कार करतो आणि संपतो. हास्यास्पद वाटेल इतका लहान. पण त्याने एक मोठी गोष्ट सिद्ध होते, की तुमच्या यंत्रावर सर्व सामान नीट बसले आहे आणि पहिली ठिणगी पडली आहे. चूल पेटली. स्वयंपाक मात्र त्यातून कळत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘पेट स्टोअर’ची कथा आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा भाषेतील आपली मोठ्या उद्योगांसाठीची पद्धत शिकवण्यासाठी पाळीव प्राणी विकणाऱ्या एका काल्पनिक दुकानाचा नमुना प्रसिद्ध केला होता. पद्धतीचे सर्व अलंकार त्यात घातलेले. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या सुमारास तेच दुकान आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिले आणि जाहीर केले की, आमचे काम कितीतरी थोड्या ओळींत होते आणि अधिक वेगाने चालते. सनने उत्तर दिले की आमचा नमुना शिकवण्यासाठी होता, शर्यतीसाठी नव्हे. उत्तर खरे होते. पण कोणी ऐकतो? लोकांनी नमुन्यावरून पद्धतीची किंमत केली. प्रदर्शनात मांडलेल्या बैलाला ‘हा केवळ शिंगे दाखवण्यासाठी आणला आहे, याला औताला जुंपू नका’ असे सांगून चालत नाही. बाजारात लोक त्याला चालवून पाहणारच.

याच्या मधली वाट डेव्हिड हॅन्सन या डेन्मार्कच्या तरुणाने दाखवली. ‘रेल्स’ हा आपला सांगाडा त्याने २००४ साली लोकांपुढे ठेवला होता. पुढच्या वर्षी, लोकांच्या डोळ्यांदेखत, पंधरा मिनिटांत रोजनिशीसारखे लेख लिहिण्याचे एक संकेतस्थळ रिकाम्या पाटीपासून उभे करून दाखवले. त्याची ध्वनिचित्रफीत जगभर फिरली आणि रेल्सकडे प्रोग्रामरांची रीघ लागली. यात जादू वेगाची होती असे मानतात. आमच्या मते वेगापेक्षा क्रम महत्त्वाचा होता. तयार घर दाखवण्यापेक्षा त्याने बांधकाम दाखवले: पाया, मग जोते, मग भिंत, आणि मध्ये चुकले तर दुरुस्त कसे करतात तेही. आपल्याकडे माणूस रांगोळी पाहून शिकत नाही, काढताना पाहून शिकतो.

आणखी एक प्रश्न आहे, नमुना कोणाच्या शेतावर? १९६४ च्या सुमारास मेक्सिकोकडील बुटक्या गव्हाची वाणे आपल्या देशात आणली गेली, तेव्हा डॉ. स्वामिनाथन यांनी आग्रह धरला की प्रात्यक्षिके लहान, गरीब शेतकऱ्यांच्या शेतांवर घ्या. कारण सरळ होते. मोठ्या बागाईतदाराच्या शेतात पीक उत्तम आले तर शेजारी म्हणतात, त्याच्याकडे पैसा आहे, पाणी आहे, म्हणून आले. वाणाला श्रेय कोणी देत नाही. दोन-अडीच एकरवाल्याच्या रानात आले की वाणाचे बी मागायला माणसे बांधावर येतात. नमुना-प्रोग्रामलाही हीच कसोटी लावली पाहिजे. तो चालवण्यास महागडे यंत्र, अखंड इंटरनेट आणि दोन दिवसांची जुळवाजुळव लागत असेल, तर लातूरच्या वसतिगृहात जुन्या लॅपटॉपवर शिकणारी मुलगी तो चालवूच शकणार नाही. ती दोष स्वतःला देईल, ‘हे आपल्याला जमत नाही’ म्हणून बाजूला सारील. दोष नमुन्याचा असतो. एका आज्ञेत सामान उतरावे, दुसऱ्या आज्ञेत प्रोग्राम चालू व्हावा, आणि रिकामा पडदा न येता भरलेल्या वह्या समोर याव्यात.

त्या भरलेल्या वह्यांकडे आपले लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. मायक्रोसॉफ्टने आपल्या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरबरोबर ‘नॉर्थविंड’ नावाच्या काल्पनिक व्यापारी कंपनीच्या नोंदी दिल्या होत्या. आपल्या जिल्ह्यांतील संगणक वर्गांत शिकलेल्या पिढीपैकी कित्येकांनी त्या परदेशी मालाच्या, परदेशी गिऱ्हाइकांच्या याद्या लावून लावूनच हा विषय गिरवला. त्यात वाईट काही नाही. परंतु परदेशी नोंदींवर तपासलेला सांगाडा लातूरच्या बाजार समितीत आणला म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. रक्कम १२,५०,००० अशी लिहावयाची, तेथे १,२५०,००० छापून येते. तारीख ४ मे की ५ एप्रिल हे कळेनासे होते, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. वडिलांचे नाव मध्ये येते, त्याला रकानाच नसतो. जमीन हेक्टर आणि आर अशी दोन आकड्यांत असते. नावांची यादी वर्णक्रमाने लावली की ‘ज्ञानेश्वर’ कोठे पडेल याचा नेम नसतो. ‘ज्ञ’ हे संगणकाच्या दृष्टीने ज, हलन्त आणि ञ असे तीन चिन्हांचे जोडकाम, म्हणून मराठीचे नियम न शिकवता यादी लावली तर हे नाव वर्णमालेच्या शेवटी न येता ‘ज’च्या घरात जाऊन बसते. यापैकी पुष्कळ गोष्टींची सोय सांगाड्यात असतेही! पण नमुन्यात ती वापरून दाखवलेली नसते, आणि जे नमुन्यात नाही ते सांगाड्यातही नाही असे प्रोग्रामर धरून चालतो. मग तो आपली वेगळी, कच्ची सोय करतो. म्हणून आम्ही म्हणतो की मराठी मुलांनी या मुक्त सांगाड्यांसाठी नमुने लिहावेत: तुरीच्या आणि सोयाबीनच्या अडतीचा एक नमुना, ज्यात कट्टे, वजन, हमाली, तोलाई आणि पट्टी असेल, नावे देवनागरीत असतील, रक्कम लाख-कोटींत तुटेल. अशा एका नमुन्याने पुढच्या शंभर प्रोग्रामरांची ठेच वाचेल.

पण ही नावे खऱ्या माणसांची मात्र नसावीत. नमुना जगासमोर उघडा असतो. शेजाऱ्याचा खरा मोबाइल क्रमांक त्यात टाकणे हे त्याच्या घराची किल्ली रस्त्यावर टांगण्यासारखे आहे.

आता थोडे नमुन्यातील दोषाविषयी. पुस्तिकेतील चूक एखादा वाचतो आणि हसून सोडून देतो. नमुन्यातील चूक उचलली जाते. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या वेब-सर्व्हरबरोबर आलेल्या नमुना-फाइलींपैकी एकीत असे छिद्र सापडले की, तिच्यामार्फत बाहेरचा माणूस सर्व्हरवरील इतर फाइली वाचू शके. ती फाइल शिकवण्यासाठी होती. सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी अनेकांना ती आपल्या यंत्रावर आहे याची गंधवार्ताही नव्हती. तसेच, नमुन्यात सोयीसाठी ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड ठेवलेला असतो, आणि तो तसाच खऱ्या कचेरीत जाऊन बसतो. ‘हे केवळ शिकण्यासाठी आहे, खऱ्या कामात वापरू नये’ अशी सूचना वर लिहिली की आपली जबाबदारी संपली, असे नमुना लिहिणारे मानतात. ती सूचना कोणी वाचत नाही. नकल करणारा ओळी उचलतो, सूचना तेथेच राहते. म्हणून नमुन्यात कुलूप खरे असावे: पहिल्यांदा चालवताना पासवर्ड विचारावा, आणि तो दिल्याशिवाय पुढे जाऊच देऊ नये. नमुन्याचा धाकटेपणा हा ढिलाईचा परवाना नव्हे. जो दहा ठिकाणी नकलला जाणार आहे त्याची सळई मोजून घालावी लागते.

आणि नमुना शिळा होतो. सांगाड्याची नवी आवृत्ती निघते, नमुना जुन्याच आवृत्तीचा राहतो, आणि नवशिका पहिल्याच पायरीवर आपटतो. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. सांगाड्यात रोज जे बदल होतात, त्या प्रत्येक बदलानंतर यंत्रानेच नमुना आपोआप चालवून पाहावा आणि तो मोडला तर बदल करणाऱ्यालाच अडवावे. चांगली मंडळी असे करतात. बाकीची नमुना एकदा समारंभाने प्रसिद्ध करतात आणि विसरतात. अशा नमुन्यांची गत पुढाऱ्याने लावलेल्या झाडासारखी होते, फलक राहतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती किल्लारीकडूनच शिकण्यासारखी आहे. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. सरकारी योजना काय आहे, पैसे कशा हप्त्यांनी मिळतात, पट्टा कोठे घालावयाचा, सिमेंटला पाणी किती दिवस मारावयाचे, हे त्या शेजारणींना सांगत. आणि शेजारणींच्या अडचणी इंजिनिअरांकडे नेत. इंजिनिअर दिवसभरासाठी येई, या बायका तेथेच राहत. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील स्त्रिया तिकडे गेल्या आणि आपण काय केले, काय फसले, ते तेथील स्त्रियांना सांगून आल्या. त्यांनी नमुन्याचे घर नेले नव्हते. त्या स्वतःच नमुना होत्या.

सॉफ्टवेअरच्या नमुन्याशेजारीही असा कोणी बसलेला लागतो. पहिल्या दिवशी अडलेल्या माणसाच्या प्रश्नाला त्याच्या भाषेत उत्तर देणारा, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की नमुन्यातच दुरुस्ती करणारा. या कामाला पगार थोडा आणि नाव त्याहून थोडे; मुलाखतीत विचारतात ते ‘तू काय नवीन बांधलेस?’, ‘तू किती जणांना बांधावयास लावलेस?’ असे कोणी विचारीत नाही. तरीही ज्यांना हे काम करून पाहावयाचे असेल त्यांना एक साधी रीत सांगतो. नमुना तयार झाला की तो सांगाडा कधीही न पाहिलेल्या एका विद्यार्थ्यासमोर ठेवावा. त्याच्या मागे खुर्ची टाकून, हाताची घडी घालून, तोंडातून शब्द न काढता बसावे. तो जेथे थांबेल ती ओळ कागदावर टिपावी, सांगू नये. तास-दीड तास हे सहन करणे फार कठीण जाते, जीभ सारखी वळवळते. तास संपला की टिपलेल्या ओळी दुरुस्त कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी दुसरा विद्यार्थी बोलवावा. पहिल्याला पुन्हा बसवू नये. त्याला आता वाट कळलेली असते.